रिकामं पारडं

आमच्या वन्सं वजनकाटे दुरुस्त करतात. वयाने त्या माझ्याहून लहान आहेत, त्यामुळे त्यांना वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं तसं काही कारण नव्हतं. पण लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात एकदा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मी पीठ कसं मोजते ते बघत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या की वाटी तिरकी धरली आहे. राग माझ्या नाकावरच असतो. मी मुद्दाम कमरेत लवून "चुकलं हो वन्सं" म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. थट्टेने दिलेला मान पुढे खराच झाला. त्यांना तो आवडतो, पण तसं त्या कधी कबूल करणार नाहीत.

बाजारात त्यांना सगळे काटेबाई म्हणतात. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, एकच खोली. भिंतीवर खिळ्यांना साखळ्या, दांड्या आणि जुनी पितळी पारडी टांगलेली. लांब टेबलावर विजेवर चालणारे काटे पोट उघडून पडलेले असतात आणि त्यांच्या तारा बाहेर लोंबत असतात. कोपऱ्यात काचेच्या पेटीत माझ्या सासऱ्यांचा नाजूक काटा आहे. त्याची वजनं बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा त्याला कळतो. त्या पेटीजवळ शिंकलं तरी वन्सं असं बघतात की पुढची शिंक आपोआप परत जाते.

सासऱ्यांनी त्यांना एक पद्धत शिकवली होती. कुणी काटा घेऊन आला की तो आधी तक्रार करतो, हे ठरलेलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर काटा टेबलावर ठेवायच्या आत त्याची सगळी कहाणी सांगून टाकतो: केव्हा पडला, कुणी पाडला, गिऱ्हाइकाशी कसं भांडण झालं. वन्सं त्यातला एक शब्द ऐकत नाहीत. हात वर करून त्याला गप्प करतात, काट्यावरचं सगळं उतरवतात आणि रिकाम्या पारड्याकडे बघत राहतात. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर नसेल, तर वर काय ठेवलं होतं यावर भांडण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. बेकरीवाल्याला हे अजून पटलेलं नाही आणि तो दर वेळी नव्याने सुरुवात करतो.

त्यांच्या आजाराबद्दल मी सरळच लिहिते. आडून आडून बोलण्याने आमच्या घरात कुणाचं भलं झालं नाही. त्यांचं मन कधी फार वर जातं आणि कधी फार खाली. सासरे गेले त्या वर्षी पहिल्यांदा ते वर गेलं. झोप उडाली, बोलणं थांबेना, आणि एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या बाजारभर फिरल्या आणि कुणी न सांगता सगळ्यांचे काटे उघडत सुटल्या. जगातले सगळे काटे एका दिवसात बरोबर करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. बाजार आधी हसला, मग वैतागला. मासेवाल्या बाईचा काटा फूटपाथवर तुकडे तुकडे होऊन पडला होता आणि ती डोक्याला हात लावून त्याच्या शेजारी बसली होती.

त्यानंतर मन खाली आलं. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी केस विंचरायला बसले तर "कशाला" एवढंच म्हणायच्या. मला त्यांचा कान धरून उठवावंसं वाटायचं आणि त्याच वेळी रडूही यायचं. 

डॉक्टरबाईंनी लिथियम सुरू केलं आणि ते समजावून सांगितलं. हा एक प्रकारचा क्षार आहे. कमी पडला तर उपयोग होत नाही, आणि थोडा जास्त झाला तर विष होतो. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे, म्हणून रक्तात तो किती आहे हे अधूनमधून मोजावं लागतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळी, पुढची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. मी आणि आमचे हे घाबरून एकमेकांकडे बघत होतो. वन्सं खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "किती अरुंद?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. वन्सं त्या रेघांकडे बराच वेळ बघत बसल्या. माझ्या लेखी त्या त्याच दिवशी घरी परत आल्या.

पुढे त्यांनी औषध म्हणजे दुकानातलं काम असल्यासारखंच धरलं. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम कमी-जास्त करायचं नाही, अंगदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मी एकदा हौसेने घरात अळणी जेवणाचा प्रयोग सुरू केला, तर त्यांनी मिठाची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली आणि तिथेच ठाण मांडून बसल्या. प्रयोग तिथेच संपला.

मध्ये एकदा मात्र त्यांनी गोळ्या बंद केल्या. बरं वाटत होतं म्हणून, आणि आम्हाला ताकास तूर लागू न देता. "मला काही झालेलं नाही," असं त्या रोज सांगायच्या, अगदी स्वच्छ नजरेने, आणि आम्ही विश्वास ठेवायचो. मग आजार पहिल्यापेक्षा जोरात आला. तेव्हा आमच्या ह्यांनी दुकानाची चावी त्यांच्याकडून काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. दुकान बंद राहिलं. वन्सं बऱ्या झाल्या तरी चावी लगेच परत आली नाही आणि त्यांनीही ती मागितली नाही. घरात बसून त्या माझा स्वयंपाकघरातला काटा दुरुस्त करायच्या, पुन्हा उघडायच्या, पुन्हा दुरुस्त करायच्या. शेवटी एका सकाळी ह्यांनी ती चावी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. तेव्हापासून ती त्यांच्या गळ्यात दोरीला असते, आणि सोन्याच्या साखळीला कुणी जपणार नाही इतकं त्या तिला जपतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय त्या दुपारचं काही कळणार नाही.

डॉक्टरबाई मोठ्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले होते. वन्संनी नेहमीसारखं सकाळी जाऊन लॅबमध्ये रक्त दिलं आणि दुकान उघडलं. दुपारी डॉक्टरांचा ह्यांना फोन आला. लिथियमचा आकडा दोनच्या वर गेला आहे, हे धोक्याचं आहे, गोळ्या ताबडतोब थांबवा आणि त्यांना लगेच दवाखान्यात भरती करा, असं त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडं पुन्हा नीट तपासावी लागतील आणि कदाचित हे औषध कायमचंच सोडावं लागेल, असंही ते म्हणाले. डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. समोरच्या कागदावर जे होतं त्यावर तेच करायला हवं होतं.

मी शाळेत शिकवते. हे मला वर्गातून घेऊन तसेच दुकानात आले.  वन्सं काचेच्या पेटीसमोर बसल्या होत्या. ह्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. वन्संनी फक्त आकडा विचारला आणि तो ऐकून चिमटा खाली ठेवला.

"चूक आहे," त्या म्हणाल्या.

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

ते खरंच होतं. ह्यांनी हात पुढे केला आणि चावी मागितली.  लिथियम सुटलं तर पुढे काय होतं ते आम्ही पाहिलं होतं: आधी फूटपाथवरचे तुकडे आणि मग ती भिंत. आणि आकडा खरा असेल तर आत्ता, या क्षणी, समोर बसलेल्या बाईच्या जिवाला धोका होता. डॉक्टरबाईंनी जास्त झाल्याच्या खुणा मला शिकवून ठेवल्या होत्या: हात थरथरतात, चालताना झोक जातो, उलट्या होतात, बोलणं जड होतं. मी वन्संकडे बघत राहिले.

त्यांना माझं बघणं कळलं. त्यांनी चिमटा पुन्हा उचलला, डबीतलं सगळ्यात लहान वजन, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, अलगद धरलं आणि पारड्यात ठेवलं. पारडं किंचित हललं आणि स्थिर झालं. हात जराही थरथरला नाही. पण मागच्या वेळीही त्यांची नजर अशीच स्वच्छ होती आणि मी फसले होते, त्यामुळे मला धीर आला असं काही मी म्हणणार नाही.

वन्संनी गळ्यातली दोरी काढली आणि चावी ह्यांच्या हातात ठेवली.

"ठेव. मोजून होईपर्यंत ठेव. आजची गोळी मी घेत नाही आणि दवाखान्यातही येते. पण वाटेत लॅब आहे. तिथे सकाळी घेतलं तसंच परत रक्त घ्यायचं. रक्त घेणारी तीच मुलगी, तीच खुर्ची, सगळं तसंच, काही बदलायचं नाही. आणि माझ्याबरोबर वहिनीचंही घ्यायचं."

"माझं कशाला?" मी विचारलं.

"तू ही गोळी जन्मात घेतलेली नाहीस. तू रिकामं पारडं."

या घरात मला आजवर बरंच काही म्हणून झालं आहे, पण रिकामं पारडं कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय सुई म्हटलं की माझी बोबडी वळते. लहानपणी मी लस टोचणाऱ्या बाईंना चावले होते, असं आई सांगायची. हे तर भडकलेच. जिवाशी गाठ आहे आणि तुम्हाला खेळ सुचतोय, म्हणाले. वन्सं सरळ उठल्या. चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

मी निर्णय कसा घेतला ते सांगते. आजारी असतानाच्या वन्सं मला आठवल्या. तेव्हा त्यांना कुणी मोजायला निघालं की त्या उसळायच्या. रक्त द्यायचं टाळायच्या, डॉक्टरबाईंचा फोन घ्यायच्या नाहीत, थर्मामीटरसुद्धा तोंडात धरायच्या नाहीत. या समोर उभ्या असलेल्या वन्सं म्हणत होत्या, मला मोजा. एवढ्या एका गोष्टीवर मी ह्यांना सांगितलं की आधी लॅब, मग दवाखाना, आणि या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही. मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की मोजायला हरकत नाही, पण उशीर करू नका, आणि चालताना तोल गेला किंवा उलटी झाली तर सरळ इकडे या. मला तो माणूस आवडला.

लॅबमध्ये सकाळचीच मुलगी होती. नवीन होती, हात हलका होता. तिथले मुख्य तंत्रज्ञ चष्मा डोक्यावर चढवून आले. वन्संनी त्यांना काय हवं ते सांगितलं. यांना लिथियम चालू नसताना यांची तपासणी कोण करायला सांगतंय, असं त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं. मी सांगतेय, म्हणाल्या वन्सं. तंत्रज्ञांनी जरा दुखावल्यासारखं सांगितलं की मशीन आज सकाळीच तपासून घेतलं आहे आणि ते चोख आहे.

"मशीनबद्दल मी काही म्हटलंच नाही," वन्सं म्हणाल्या. "काय चुकलंय ते मलाही माहीत नाही. म्हणून तर रिकामं मोजायचं."

त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, वन्संकडे नीट पाहिलं आणि मुलीला मान हलवून खूण केली. वन्संनी बाही वर केली आणि शांतपणे रक्त दिलं. मग माझी पाळी आली. मी डोळे गच्च मिटले आणि वन्संचा हात धरला, आणि तो इतका घट्ट आवळला की रक्त माझं घेतायत की त्यांचं, असं त्यांनीच विचारलं. सुई बाहेर आल्यावर मी खुर्चीतच मागे डोकं टेकून बसले. धोक्यात म्हणे त्या होत्या आणि पाणी मला पाजावं लागलं.

मग आम्ही थांबलो. हे येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या खिशातली चावी सुट्या नाण्यांवर वाजत होती. वन्सं तो आवाज ऐकत होत्या, पण तिकडे बघत नव्हत्या. आकडा खरा निघाला तर काय, हे मी त्यांना विचारलं. खरा निघाला तर भरती होईन, म्हणाल्या. त्यांची बोटं मात्र गळ्याशी जिथे दोरी असायची तिथे परत परत जात होती.

तंत्रज्ञ दोन कागद घेऊन बाहेर आले आणि वन्संना ओलांडून सरळ माझ्यासमोर उभे राहिले. मी कुठली औषधं घेते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठलीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, झोपेसाठी, मनासाठी, कुणी दिलेलं, चुकून घेतलेलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

"तुमच्या रक्तात लिथियम आहे," ते म्हणाले. "भरपूर आहे."

आमच्या ह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. ज्याच्याशी इतकी वर्षं संसार केला त्या माणसाने माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "तू कधीपासून?" एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. पण तेवढ्यात माझ्या शेजारी वन्सं हसायला लागल्या. आवाज न करता, तोंडावर हात धरून, खांदे हलवत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तंत्रज्ञ तडक आत गेले आणि रक्ताची एक नळी घेऊन परत आले. नळीचं टोपण हिरवं होतं. रक्त गोठू नये म्हणून या नळीत आतून एक औषध लावलेलं असतं, आणि ते औषधच लिथियमपासून बनवतात, असं त्यांनी सांगितलं. लिथियम मोजायला लाल टोपणाची नळी घ्यायची असते. मूत्रपिंडांची तपासणी त्यांनी नुकतीच हिरव्या नळीतून करायला सुरुवात केली होती. वन्संच्या दोन्ही तपासण्या एकत्र असतात, म्हणून मुलीने एकाच टोचण्यात काम उरकावं या विचाराने एकच नळी भरली. मशीनने मोजलं ते बरोबरच मोजलं, फक्त त्यात नळीचंही लिथियम आलं. मुलगी रडवेली झाली होती. तंत्रज्ञ तिच्यावर ओरडले नाहीत. तिला नीट सांगायला हवं होतं, चूक माझी आहे, असं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर म्हटलं, आणि या दिवसांत आणखी कुणाकुणाचं लिथियम मोजलं ते काढायला बसले. एकेकाला फोन लावायला त्यांनी सुरुवातही केली.

वन्संचं रक्त पुन्हा घेतलं, लाल टोपणात. आकडा त्या वेळेला जिथे असायला हवा तिथेच होता, दोन रेघांच्या मध्ये. तंत्रज्ञांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते ऐकून वन्संना फोन द्यायला सांगितला. रात्रीची गोळी नेहमीसारखी घ्या आणि उद्या सवडीने येऊन भेटा, म्हणाले. रिकाम्या पारड्याची गोष्टही त्यांनी विचारून घेतली. मीही हे लक्षात ठेवेन, असं ते म्हणाल्याचं वन्संनी सांगितलं.

आम्ही बाहेर आलो. ह्यांनी खिशातून चावी काढली आणि तळहातावर धरली.  वन्संनी चावी लगेच घेतली नाही.

"दादा, एक लक्षात ठेव. ज्या दिवशी मी खरंच आजारी असेन, त्या दिवशीही मी हेच म्हणेन, की चूक आहे. अशाच आवाजात म्हणेन. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नुसत्या कागदावरही ठेवू नकोस. मला परत मोज."

"आणि तू मोजू दिलं नाहीस तर?"

"तर समज की मी आजारी आहे. तेव्हा चावी काढून घे. मी रडले, भांडले, तरी देऊ नकोस."

हे भर रस्त्यात उभे राहून रडले. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. वन्संनी भावाच्या तळहातावरची चावी उचलली, दोरीची गाठ पुन्हा पक्की केली आणि दोरी गळ्यात घातली. मग म्हणाल्या की बेकरीवाला दुकानापाशी ताटकळत असेल, आणि त्या आमच्या पुढे झपाझप चालायला लागल्या. झोक वगैरे काही जात नव्हता, मी बघून घेतलं.

त्यानंतर प्रत्येक तपासणीला मी त्यांच्याबरोबर जाते. सुई त्यांनाच टोचतात. मी शेजारच्या खुर्चीत बसते, टोपण लाल आहे ना ते बघते, आणि वन्संनी बाही स्वतःहून वर केली का, तेही बघते.